झोपता कुठं, एवढं विचार

लातूर
१४ मे २०१२

तूबा बेटा, दुआ.

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांनी लिहिलंस आणि पहिल्याच ओळीत माझी तब्येत विचारलीस, तर ती ठीक आहे. गुडघे कुरकुरतात. बाकी मी आहे तशीच आहे, हे तू ओळखलंच असशील.

फोन का करत नाही म्हणतेस. फोनवर मला राग येतो, मी आवाज चढवते आणि तू ठेवून देतेस. कागदाला ते जमत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लावून वाच. कागद क्लासच्या जाहिरातीचा आहे. लातुरात हे दारात येऊन पडतात, एका बाजूला कोरे असतात. मागच्या बाजूला जी पोरं हसून राहिलीत त्यांच्याकडं लक्ष देऊ नको.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक म्हणजे, नांदेडात तू दहावी-बारावीच्या पालकांना सल्ला द्यायचं हापिस काढलंस, लोक येतात पण एकदा आलेला परत येत नाही, तर मी हे काम इतकी वर्षं कसं करते. दुसरी म्हणजे, ऑगस्टच्या शेवटी तुझं बाळंतपण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि तुझं माहेर म्हणजे मी, तुझ्या अब्बूंची बहीण. डॉक्टरीणबाईंनी तुला प्रवास नको सांगितलंय, म्हणून मीच नांदेडला येऊन महिनाभर राहावं.

पहिल्याचं सांगते. दुसऱ्याचं बघू.

आधी पाटी. 'खात्रीशीर मार्गदर्शन' लिहिलंय म्हणालीस. त्यातलं खात्रीशीर पुसून टाक. ज्याला पोराची खात्री पाहिजे तो मौलवीकडं, बाबाकडं, कुठंही जाईल. तुझ्याकडं येणाऱ्याला रस्ता पाहिजे.

मग माणूस आला की पाणी दे आणि गप बस. तुला शाळेत असल्यापासून बोलायची घाई. बाप सांगेल, पोराला डॉक्टर करायचंय. हे वाक्य तो बसमध्ये बसल्यापासून घोकत आलेला असतो, त्याला लगेच उत्तर द्यायचं नाही. बोलू दे. बोलून बोलून त्याचं घोकलेलं संपलं की मग जे बाहेर येतं ते खरं. परवा अहमदपूरचा एक गृहस्थ आला होता. अर्धा तास क्लासची नावं विचारत होता. शेवटी म्हणाला, "बाई, भाऊबंदकीत सगळ्यांची पोरं लातूरला हायत, आमचंच घरी हाय." म्हणजे दुखणं पोराचं नव्हतंच.

पोराशी बोलायचं तर बापाला झेरॉक्स काढायला पाठव. झेरॉक्स लागत नसली तरी पाठव. बापासमोर पोरगं हो म्हणतं, आणि बाप जिना उतरला की खरं काय ते सांगतं. एकच गोष्ट दोन ठिकाणी विचारायची. मी हे क्लासमध्ये शिकले नाही. कुठं शिकले ते पुढं कधीतरी.

आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. मी ज्या मेसचं नाव सांगते तिथं मी जेवलेली असते. ज्या होस्टेलचं सांगते तिथं सकाळी पाण्याच्या वेळेला जाऊन उभी राहिलेली असते. पाणी आल्यावर पोरी कशा भांडतात त्यावरून सगळं कळतं.

आज एवढं पुरे. अकरमला सलाम सांग. पपई खाऊ नको.

तुझी फुफी
वहिदा


लातूर
५ जून २०१२

तूबा,

पाटीवरचा शब्द अकरमला आवडतो म्हणून तू पुसला नाहीस. बरं. पाटी तुझी आहे. मी सांगितलं, तू ऐकलं नाहीस, इथं माझं काम संपलं. हेही शिकून ठेव. सल्ला दिल्यावर त्याच्या मागं मागं फिरायचं नाही.

पण दुसरं लिहिलंस ते वाचून मी कागद बाजूला ठेवून दिला होता. कोणत्या तरी क्लासवाल्यानं तुला त्याच्या इमारतीत केबिन देऊ केली, एसी, खुर्च्या, बाहेर तुझं नाव. बदल्यात काही नको म्हणतो. अगं, बदल्यात तो तुझं तोंड मागतोय. त्याच्या इमारतीत बसून तू एखाद्या बापाला, ह्या पोराला हा क्लास झेपणार नाही, असं कसं सांगशील? मलाही दोन-तीन जणांनी विचारलं होतं. मी म्हटलं, मला इथंच बरं आहे, माझ्या ओट्यावर. जो माणूस सल्ला घेतो त्याच्याकडूनच काय ते घ्यावं. दुसऱ्या बाजूचा चहासुद्धा जपून प्यावा.

आता तू विचारलंस म्हणून सांगते, मी हे कुठं शिकले.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तू होस्टेलला गेलीस, तेव्हा मी औशाकडच्या खेड्यांतनं हिंडायची. जी घरं पडली नव्हती त्यांच्या भिंती मजबूत कशा करायच्या ते लोकांना सांगायचं काम होतं. इंजिनियर लोकांना घरात शिरायला बाई पाहिजे होती, म्हणून मला घेतलं. आमचे ओव्हरसियर साहेबराव म्हणून होते. शिकलेला माणूस, पण कधी नकाशा आधी उघडायचा नाही.

एका गावात एक म्हातारा पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "आमचं घर पक्कं हाय. आम्हाला काय करायची गरज न्हाई." मी लगेच भिंतीतल्या भेगा दाखवायला निघाले. मला तवा वाटायचं, आपण खरं सांगितलं की काम झालं. साहेबरावांनी मला डोळ्यानं थांबवलं. प्यायला पाणी मागितलं, पीत पीत घराच्या मागं गेले. मागं चिंचेखाली बैलगाडी होती आणि गाडीवर सगळ्या घरादाराची अंथरुणं गुंडाळून ठेवलेली. भूकंपाला वर्ष झालं होतं. साहेबराव मला हळूच म्हणाले, "बाई, भिंतीला काय विचारता, अंथरुणाला विचारा."

मग मी हापशावर त्या घरची सून गाठली, रुक्मिणबाई. तिला विचारलं, झोपता कुठं. ती हसली आणि म्हणाली, "आमचे मामा दिवसा घराचा मान राखतात अन् रात्री जिवाचा."

आता पुढचं नीट ऐक, कारण मला हे करायला लई वर्षं लागली. साहेबरावांनी म्हाताऱ्याला, तुम्ही घाबरता, असं म्हटलं नाही. पारावर येऊन म्हणाले, "मालक, घर तुमचं पक्कंच हाय. पण पोरीबाळी आत झोपायला घाबरायल्यात. त्यांच्यासाठी करून टाकू." म्हातारा उठला आणि स्वतः दगड दाखवायला लागला. माणसाचं खरं काय ते तुला कळलं तरी ते त्याच्या तोंडावर मारायचं नाही. त्याला धरायला काहीतरी ठेवायचं.

मी फटकळ आहे, मला हे नेहमी जमत नाही. तुला जमेल.

येण्याचं म्हणशील तर जूनमध्ये माझा सीझन असतो. दिवसाला पाच-सहा माणसं ओट्यावर असतात. शिवाय तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, माझे गुडघे हे असे. जुलैत बघू. आणि तू लिहिलंस, फुफी तुमचाच सल्ला द्या की बाळंतपणाचं मी काय करू. तो मी देणार नाही. घरच्या माणसाला मी सल्ला देत नाही, कारण त्यात माझाही काही ना काही मतलब असतो, आणि मतलब असला की वजन सारखं पडत नाही.

वहिदा फुफी


लातूर
२४ जून २०१२

तूबा,

केबिन नको म्हणून सांगितलंस, चांगलं केलंस. पाटीचं विचारत नाही.

तू पाठवलेली पोरगी आली. राजकन्या, माहूरची. वडील व्यंकटीराव सोबत होते, गडाच्या पायथ्याला ओटीचं सामान विकतात म्हणाले, नारळ, खण, बांगड्या. सीईटीला थोडक्यात राहिली, आता एक वर्ष रिपीट करणार, म्हणून तू तिला लातूरला पाठवलंस. क्लास बरा निवडलास. मार्क बघितलेस, विषय बघितलेस, सगळं कागदावर नीट मांडलंस. होस्टेलमध्ये तिला एकटीची खोली घ्यायला सांगितलीस, शांत अभ्यास व्हावा म्हणून. व्यंकटीराव मला ती खोली दाखवायला घेऊन गेले. लई खुश होते. "आमच्या घरात कुणाला आजवर स्वतःची खोली न्हाई," म्हणाले. पोरगी खोलीकडं पाठ करून खिडकीपाशी उभी होती. मला ते काही बरं दिसलं नाही, पण गिऱ्हाईक तुझं आहे. मी मधे तोंड घातलं नाही. जाऊन बघत राहीन.

हेही काम आहे, बघत राहणं. लोक सल्ला देतात आणि विसरून जातात. मी दसऱ्याला एकदा आणि दिवाळीनंतर एकदा प्रत्येक पोराकडं चक्कर मारते. आपण सांगितलेलं बरोबर निघालं की चुकीचं, हे गेल्याशिवाय कसं कळणार?

तुझ्या सासूबाईंनी दोन वर्षांपूर्वीचं परत काढलं म्हणून लिहिलंस. वलीम्याच्या, सासरकडच्या लग्नजेवणाच्या दिवशी माहेरचं माणूस एक रात्रसुद्धा थांबलं नाही, जेवण झालं आणि संध्याकाळच्या एसटीनं निघून गेली, एवढी कसली घमेंड. तू त्यांना काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. तुलाही तेच वाटतं, हे मला माहीत आहे. त्या दिवशी मला दुसऱ्या दिवशी सकाळी काम होतं.

पाय सुजत असतील तर उशी घेऊन वर ठेवत जा.

फुफी


लातूर
१५ जुलै २०१२

तूबा बेटा,

व्यंकटीराव तुझ्या हापिसात येऊन सगळ्यांसमोर बोलून गेले, माझ्या पोरीचं वाटोळं केलं म्हणाले, तू रडलीस. रडू नको. त्यांचं बरोबर आहे, आणि काम सुधारलंय. सांगते.

मागच्या आठवड्यात मी होस्टेलला गेले. रेक्टरबाईंनी राजकन्याचं लई कौतुक केलं. म्हणाल्या, हिच्या खोलीत रात्रभर लाईट असतो, असा अभ्यास कुणी करत नाही. मी वर गेले. पोरगी कॉटवर भिंतीला टेकून बसलेली, डोळे खोल गेलेले. मी टेबलावरचं पुस्तक उघडलं. पानं करकरीत, अजून चिकटलेली. अभ्यास करत नव्हती. झोपतच नव्हती.

मी तिला तोच एक सवाल केला, घरी कुठं झोपायचीस.  मग सगळं सांगितलं. दुकानाच्या मागं एकच खोली आहे. सगळे ओळीनं झोपतात, आई, बहिणी, शेवटी आजी. आजीचा हात रात्रभर हिच्या अंगावर असतो. पहाटे यात्रेकरूंचा आवाज सुरू झाला की आजी तो हात काढून उठते आणि मग हिला जाग येते. अठरा वर्षांत ही पोरगी एकटी झोपलेलीच नाही. आणि आपण तिला बक्षीस म्हणून एकटीची खोली दिली. तिच्या वडलांनी एवढ्या हौसेनं घेतलेली खोली नको कशी म्हणायची, म्हणून लाईट लावून बसायची.

तू मार्क विचारलेस, विषय विचारले, ऐपत विचारलीस. झोपतेस कुठं हे विचारलं नाहीस. ते कागदावर नसतं.

मी तिला तशीच उठवून माझ्याकडं आणली. माझ्या खोलीत आत अंथरूण घातलं तर म्हणाली, आत्या, एकटीला नको. म्हटलं, मग ये बाहेर माझ्याजवळ. ओट्यावर पत्र्याखाली माझी खाट असते, तिच्यासाठी खाली सतरंजी टाकली. पाऊस चांगला जोरात होता, पत्रा बडवत होता, पण तिला अशी झोप लागली की सकाळी दोनदा हाक मारावी लागली.

आता तिला नागुबाईकडं ठेवलंय. ह्या आमच्या गल्लीतल्याच, म्हाताऱ्या आहेत. एका खोलीत तीन पोरी, अंथरुणं शेजारी शेजारी, आणि दारात नागुबाई. खोलीत गोंगाट आहे, एका पोरीला मोठ्यानं पाठांतर करायची सवय आहे. राजकन्या झोपायला लागली. काल मला म्हणाली, भौतिकशास्त्राचं पहिलं प्रकरण झालं.

तू व्यंकटीरावांना फोन कर. आपलं चुकलं, असं आपण होऊन सांग. कारणं देऊ नको. पोरगी कशी आहे तेवढं सांग. खोली एकटीची होती म्हणून झालं हे सांगताना, तुम्ही घेतली, असं म्हणू नको. मी सुचवली, असं म्हण. ते परत येतील बघ, आणि माहूरची आणखी चार माणसं घेऊन येतील.

माझ्या येण्याचं आता अवघड दिसतंय. आठवड्यानं रमजान लागतो. रोजे धरून प्रवास, परक्या घरी पहाटेची सहरी, मला जमत नाही. तुझ्या सासूबाई आहेत, अकरम आहे, दवाखाना खालीच आहे. मी ईदनंतर एक दिवस येऊन बाळाला बघून जाईन.

फुफी


लातूर
२६ जुलै २०१२

तूबा,

एवढं मोठं पाकीट आणि आत एकच ओळ. "फुफी, तुम्ही झोपता कुठं?"

मी तुला शिकवलं ते गिऱ्हाइकांसाठी. न मागता सल्ला देऊ नये, हेही शिकवलं होतं. तू म्हणशील, मी सल्ला कुठं दिला, नुसतं विचारलं. बरोबर आहे. म्हणूनच जास्त राग आला.

उन्हाळ्यात सगळा मराठवाडा बाहेर झोपतो. होस्टेलमधून तू सुट्टीला यायचीस तवा आपण दोघी बाहेरच झोपायचो, तवा तर तुला आवडायचं. दिवाळीत थंडी असायची, तवा मी बाहेर झोपायची कारण मला पहाटे उठून मेसचं काम असायचं, तुझी झोप मोडू नये म्हणून. आता पावसाळ्यात मला आत कोंदट होतं. झालं तुझं समाधान?

यावर मला काही बोलायचं नाही. राजकन्या बरी आहे.

वहिदा


लातूर
६ ऑगस्ट २०१२

तूबा बेटा,

काल अकरम येऊन गेला. लातुरात काम होतं म्हणाला. काय काम ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

असरची नमाज झाली होती. म्हटलं, आलाच आहेस तर रोजा सोडूनच जा. खजूर आणले होते त्यानं, आणि तुझ्या हातच्या फेण्या. ओट्यावर बसला. मला वाटलं, आता सुरू होईल, फुफीजान चला, फुफीजान घर तुमचंच आहे. तो काही बोलेचना. अजान झाल्यावर पाणी प्याला, भजी खाल्ली, गल्लीतल्या पोरी क्लासवरून परतत होत्या त्यांच्याकडं बघत बसला. शेवटी मीच बोलायला लागले. पत्रा गळतो म्हणून सांगितलं, घरमालकाचं सांगितलं, नागुबाईंच्या मांजराचंसुद्धा सांगितलं. मग माझ्या लक्षात आलं. हा मुलगा एवढा गप बसणारा नव्हे. तू पढवून पाठवलंस. पाणी घ्या आणि गप बसा.

मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

जाताना तो चप्पल घालायला वाकला तवा खाटेखालचं त्यानं बघितलं. माझी पिशवी असते तिथं. बॅटरी, ओढणी, बिस्किटाचा पुडा, कागदपत्रं. आणि चपला, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवलेल्या. त्यानं बघितलं आणि सरळ उभा राहिला.  माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. खरं तर मी मोठी, मी ठेवायला पाहिजे होता.

चांगला मुलगा आहे. दोन वर्षांपूर्वी बघायला पाहिजे होतं, पण तवा मी दुसरीकडं बघत होते.

फुफी


लातूर
१४ ऑगस्ट २०१२

माझ्या बेटा,

तुझं पत्र परवा आलं. दोन दिवस तसंच उशाखाली ठेवलं होतं.

तू लिहिलंस की माझ्या गुडघ्यांना तीन जिने सारखे चढाय-उतरायला झेपणार नाहीत, म्हणून तुम्ही अकरमच्या काकांचं खालचं बैठं घर बघितलं. पुढं ओटा, त्यावर पत्रा, समोर अंगण. मग दोन रस्ते मांडलेस. एकात मी दिवसभर तुझ्याजवळ वर, आणि संध्याकाळी अकरम मला त्या घरी सोडणार. त्यात बरं काय, अवघड काय. दुसऱ्यात तुम्ही दोघं बाळ घेऊन महिनाभर खाली त्या घरात राहायला येणार. त्यातही बरं काय, अवघड काय, सासूबाई काय म्हणतील तेसुद्धा. आणि खाली लिहिलंस, कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा. दोन्ही नको असतील तरी मी रागावणार नाही.

भीती हा शब्द सबंध पत्रात कुठं नाही. गुडघ्यांचं लिहिलंस. साहेबरावांनी त्या म्हाताऱ्याला पोरीबाळींचं सांगितलं होतं, तसं. मी वाचून एकटीच हसले. त्या म्हाताऱ्याला तवा कसं वाटलं असेल ते मला आता कळलं.

तू मला धरायला गुडघे ठेवलेस. म्हणून मी ते सोडून सांगते.

तुझे अब्बू पाशामियाँ, माझे भाई. माझे मालक, तुझे फुफा, वारल्यावर भाईंनी मला औशाच्या घरून खेड्यात त्यांच्याकडं नेलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, आत गारवा असायचा. भूकंपाच्या रात्री तू उकाड्यानं रडत होतीस. तुझ्या अम्मीची झोप मोडू नये म्हणून मी तुला उचलून अंगणात आणलं आणि खाटेवर घेऊन पडले. एवढंच. मी काही शहाणपणा केला नव्हता. तुला रडू आलं म्हणून आपण दोघी आहोत.

तवापासून मी पक्क्या छपराखाली झोपलेली नाही. लोकांना भिंती मजबूत कशा करायच्या ते सांगत गावोगाव फिरले, साहेबरावांबरोबर एकेक दगड मोजून घेतला, मला चांगलं माहीत आहे कोणतं घर उभं राहतं. माहीत असणं वेगळं आणि डोळा लागणं वेगळं. पत्रा चालतो. पत्रा पडला तर माणूस जगतं.

वलीम्याला तुझ्या घरी मी बसले होते तवा वर बघत होते. तुझ्या डोक्यावर एक स्लॅब, त्याच्यावर आणखी मजले, माणसं, पाण्याच्या टाक्या. काय जेवले ते मला आजपण सांगता येणार नाही. सगळे म्हणत होते, फुफी राहा. राहिले असते तर रात्री तुला उठवून खाली आणलं असतं, नव्या नवरीला, सगळ्या सासरासमोर. तो तमाशा नको म्हणून एसटीत बसले. घमेंड नव्हती. सांगायला पाहिजे होतं, पण काय सांगणार, पन्नाशीची बाई छपराला भिते म्हणून?

आता कामाचं बोलू.

तुझे दोन्ही रस्ते चांगले आहेत. मी त्यातला एकही घेत नाही. नाराज होऊ नको. नीट सल्ला मिळालेलं गिऱ्हाईक नेहमी तिसराच रस्ता काढतं, आणि तसं झालं की समजायचं आपलं काम बरोबर झालं. आपण मांडल्याशिवाय त्याला तो दिसला नसता.

पहिल्यात मी संध्याकाळी निघून जाणार, आणि बाळाचं सगळं रात्रीच असतं. मग माझा उपयोग काय? दुसऱ्यात तू लिहिलंस की माझ्यासोबत तुम्हीही ओट्यावर झोपाल, मला एकटं वाटू नये म्हणून. ते नको. तुला मी बाहेर वाढवलं, कारण मला दुसरं येत नव्हतं. तुझ्या बाळाला ते शिकवायचं नाही. त्याला छपराखाली झोपू दे, पहिल्या दिवसापासून, कुणाच्याही मनात काही नसल्यासारखं.

तेव्हा खालच्या घरात या. ईद झाली की दुसऱ्या दिवशी मी अहमदपूरवरून जाणारी सकाळची एसटी धरते. अकरमला स्टँडवर पाठव. सासूबाईंना सांग, गुडघ्यांमुळं खाली राहायचं ठरलं. हवं तर मी लंगडून दाखवीन.

दवाखान्यातून आल्यावर तू आणि बाळ आतल्या खोलीत. माझी खाट ओट्यावर, दाराला लागून. पाळणा आत, दाराला लागून. त्या दाराला कडी लावायची नाही, आणि मधे उंबऱ्याशिवाय काही ठेवायचं नाही. अकरमला सांग, आधी हात लांब करून बघ म्हणावं. बाहेरच्या खाटेवरून माझा हात आतल्या पाळण्यापर्यंत पोचला पाहिजे.

तुझी
वहिदा फुफी